मेरे कने, माझ्याकडे, आय हॅव

स्पॅनिश भाषेत माणसाचं वय नुसतं असत नाही, ते त्याने धरलेलं असतं. आपण मराठीत म्हणतो, ‘माझं वय एक्केचाळीस आहे.’ उर्दूत म्हणतो, ‘मेरी उम्र इकतालीस साल है.’ स्पॅनिश बोलणारा म्हणतो, ‘तेंगो क्वारेंता इ उन आन्योस.’ शब्दाला शब्द ठेवला तर याचा अर्थ होतो, माझ्याकडे एक्केचाळीस वर्षं आहेत. हाच माणूस इंग्रजी शिकायला बसला की पहिल्या दिवशी लिहितो, ‘आय हॅव फॉर्टी वन इयर्स.’ आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा अजून काहीतरी सांगणार आहे. कसली एक्केचाळीस वर्षं? नोकरीची? शिक्षेची?

आमच्या खालूंना नोकरीचीच वाटली होती. खालू दापोलीकडचे. कोकणातल्या आपल्या अनेक घरांप्रमाणे त्यांच्या घरातही दोन पिढ्या जहाजावर गेलेल्या. खालू इंजिनरूममध्ये फिटर होते. सन २००३ च्या सुमारास पनामाचा झेंडा लावलेल्या एका मालवाहू जहाजावर त्यांच्याबरोबर पेरू देशातल्या कायाओ बंदराचा एक मोटरमन होता. त्याने पहिल्याच दिवशी ‘आय हॅव फॉर्टी वन इयर्स’ सांगितलं. खालूंनी हिशेब केला, एक्केचाळीस वर्षांची सर्व्हिस म्हणजे हा पोटात असतानाच भरती झाला असणार! त्यांनी आदराने त्याला आपली खुर्ची दिली. गैरसमज उलगडला तेव्हा सगळी मेस हसली. पण खालू सांगतात, त्यानंतर आठवड्याभरात खालूंनीच स्टोअरकीपरकडे जाऊन ‘माय नियर नो स्पॅनर’ म्हटलं आणि हसायची पाळी पेरूवाल्याची आली. खालूंचं शिक्षण उर्दू शाळेत सातवीपर्यंत. ‘मेरे पास पाना नहीं है’ हे त्यांनी आपल्या परीने अगदी बरोबर इंग्रजीत नेलं होतं.

तो मोटरमन जहाज सोडून गेला तेव्हा आपलं इंग्रजी शिकायचं पुस्तक खालूंना देऊन गेला. खालूंना त्याचा उपयोग नव्हता, कारण सगळी समजूत स्पॅनिशमध्ये. फिरत फिरत ते आमच्याकडे आलं. आम्ही सोलापूरच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. बी.एड. करताना पद्धतीचा विषयही इंग्रजीच होता. एक जुना स्पॅनिश-इंग्रजी शब्दकोश मुंबईच्या फुटपाथवर मिळाला आणि त्याच्या आधाराने आम्ही ते पुस्तक वाचायला लागलो. आम्हाला स्पॅनिश बोलता येत नाही. पण छापील मजकुरापेक्षा आम्हाला त्यातल्या पेन्सिलीने बांधून ठेवलं. प्रत्येक पाठाखालची रिकामी जागा त्या माणसाने भरली होती, चुकला तिथे खोडली होती आणि पुन्हा लिहिली होती. शिक्षकाला दुसऱ्याची वही वाचायची सवय असते. ही वही मात्र आम्ही तपासायला घेतली नव्हती.

त्याची अडचण अशी. स्पॅनिशमध्ये ‘जवळ असणे’ यासाठी ‘तेनेर’ हे क्रियापद आहे. ते लॅटिनमधल्या ‘धरणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आलं. स्पॅनिश माणूस पुस्तक धरतो, भाऊ धरतो, वर्षं धरतो, आणि भूकही धरतो. ‘तेंगो आंब्रे’ म्हणजे ‘मला भूक लागली आहे’. तहान, थंडी, उकाडा, झोप, भीती, घाई, सगळ्यांना हेच क्रियापद. ‘तुझं बरोबर आहे’ हेसुद्धा ‘तुझ्याकडे सत्य आहे’ अशा धर्तीवर म्हणतात. इंग्रजीला यातलं काहीही धरायचं नसतं. इंग्रजी माणूस स्वतःच भुकेला होतो, स्वतःच थंड होतो, आणि स्वतःच एक्केचाळीस होतो. ‘आय अ‍ॅम फॉर्टी वन.’ आपल्याकडे भूक ‘लागते’, जशी ठेच लागते, जशी नजर लागते. तीन भाषांत एकच रिकामं पोट, पण एक ते धरून आहे, एक ते स्वतःच बनलेला आहे आणि आपल्याला ते येऊन लागलं आहे. आम्हाला यातलं आपलंच सगळ्यात खरं वाटतं, पण तो आमचा पक्षपात असेल.

पेन्सिलीत ‘आय हॅव हंगर’ पाच वेळा खोडलेलं आहे. ‘आय हॅव फिअर’ तीन वेळा. ‘आय हॅव कोल्ड’ मात्र त्याने खोडलं नाही. थोडं पुढे ‘आय हॅव अ कोल्ड’ असं छापील वाक्य आहे, त्याचा अर्थ सर्दी झाली आहे. बिचाऱ्याला वाटलं असेल की चला, एक तरी बरोबर आलं.

याखेरीज स्पॅनिशमध्ये ‘आबेर’ नावाचं आणखी एक क्रियापद आहे. ते दोन कामं करतं. ‘मी जेवलो आहे’ यातलं मदतनीस क्रियापद तेच, आणि ‘टेबलावर पुस्तक आहे’ यातलं ‘आहे’ही त्याचंच रूप. या दुसऱ्या कामात त्याचा उच्चार ‘आय’ असा होतो. एक पुस्तक असो की शंभर, ‘आय’ बदलत नाही. इंग्रजीत मात्र एकाला ‘देअर इज’, अनेकांना ‘देअर आर’, आणि सुरुवातीला तो ‘देअर’ कशाला बसवायचा ते कोणी सांगत नाही. त्यात स्पॅनिशमध्ये कर्ता सांगायची गरज नसते. ‘तेंगो’ म्हटलं की ‘मी’ त्यातच आला, जसं आपल्या ‘येतो’मध्ये ‘मी’ येऊन जातो. त्यामुळे स्पॅनिश माणूस सहज लिहितो, ‘इज रेनिंग’, ‘इज इम्पॉर्टंट’, ‘हॅव मेनी पीपल इन द स्ट्रीट’. कर्त्याची जागा रिकामी ठेवणं इंग्रजीला चालत नाही. तिथे कोणीच नसेल तर ती ‘इट’ नाहीतर ‘देअर’ नावाचा पुतळा उभा करते.

इथे एक मजेची गोष्ट सांगायला हवी. ‘आबेर’ हे लॅटिन ‘हाबेरे’पासून आलं. ते आणि इंग्रजी ‘हॅव’ दिसायला इतके सारखे की कोणीही त्यांना सख्खे भाऊ म्हणेल. भाषाशास्त्र सांगतं की यांचा काही संबंध नाही. ‘हॅव’चं नातं लॅटिनमधल्या ‘पकडणे’ या अर्थाच्या ‘कापेरे’शी आहे, ज्यातून इंग्रजीत ‘कॅप्चर’ आला. आणि ‘हाबेरे’चं नातं इंग्रजीतल्या ‘गिव्ह’शी मानतात. एकाच्या घरात जे ‘असणे’ झालं, ते दुसऱ्याच्या घरात ‘देणे’ झालं. चेहऱ्यावरून नातं लावणाऱ्या खालाजानांनी हे ध्यानात ठेवावं.

स्पॅनिशशी आपला आणखी एक धागा आहे. ७११ ते १४९२ पर्यंत त्या भूमीच्या कमीअधिक भागावर मुस्लिम सत्ता होती, आणि अरबी शब्द तिथल्या बोलीत मुरले. साखरेला स्पॅनिशमध्ये ‘आसुकार’ म्हणतात, अरबी ‘अस्-सुक्कर’वरून. तेलाला ‘आसेइते’, त्यात आपला ज़ैत आहे. ‘असं झालं तर किती बरं’ म्हणायला ‘ओहाला’ म्हणतात, त्याच्या पोटात ‘अल्लाहने चाहिलं तर’ आहे. उशी, कर, धरण, बाग यांच्या कितीतरी शब्दांत अरबी दिसते. पण ‘जवळ असणे’ ही गोष्ट त्यांनी अरबीकडून घेतली नाही. अरबीत ‘हॅव’सारखं रोजचं क्रियापद नाही. तिथे ‘इन्दी किताब’ म्हणतात, माझ्यापाशी पुस्तक, झालं. त्यात ‘आहे’ही नाही, जसं ‘अस्सलामु अलैकुम’मध्ये ‘आहे’ नाही. साखर आणि तेल शेजाऱ्याकडून उसनं आणता येतं. काय कोणाचं आहे हे सांगायची रीत मात्र प्रत्येक भाषा आपल्याच घरातली वापरते, असं आम्हाला दिसतं.

आता आमच्या वर्गाकडे. आमची मुलं घरी दखनी बोलतात, शाळेत उर्दू लिहितात, रस्त्यावर मराठी ऐकतात. आम्ही स्वतः शिकलो तेव्हा इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० सालापासून राज्यात ते पहिलीपासून आलं. तरी आठवीतलं मूल ‘हॅव’पाशी अडतं. का अडतं ते पाहायचं तर दखनीत किती प्रकारे ‘असतं’ ते पाहायला हवं. ‘मेरे कने किताब है’, कारण पुस्तक हातात घेता येतं, उद्या दुसऱ्याकडे जाऊ शकतं. ‘मेरे दो भाई है’, इथे ‘कने’ चालत नाही, भाऊ हातात धरता येत नाही आणि देऊन टाकता येत नाही. ‘मेरेकू बुखार है’, कारण ताप येऊन बसला आहे. ‘घर में तीन खोल्या है’, कारण घर काही बाळगत नाही. मराठीतही असंच: माझ्याकडे पुस्तक, मला भाऊ, मला ताप, घरात खोल्या. नाती आणि वस्तू यांत आपल्या भाषा भेद करतात. सलीम-जावेद यांनी लिहिलेल्या ‘दीवार’मध्ये (१९७५) गाडी-बंगल्याच्या यादीला उत्तर देताना शशी कपूर आईला ‘पास’ लावतो. व्याकरणाने पाहिलं तर आईला ‘पास’ लागत नाही, आणि आम्हाला वाटतं त्या वाक्याचा घाव तिथेच आहे. इंग्रजीत ते नेलं तर हा घाव उरत नाही. इंग्रजीला आई काय आणि गाडी काय, दोन्ही ‘हॅव’.

म्हणून आमचं मूल लिहितं ‘माय नियर इज अ बुक’, ‘माय टू ब्रदर्स आर’, ‘टू मी फीवर इज’. नियम सांगितला की ‘आय अ‍ॅम हॅव अ बुक’ लिहितं, कारण ‘है’ला काहीतरी द्यायलाच हवं. पेरूचा मोटरमन जिथे ‘अ‍ॅम’ हवा तिथे ‘हॅव’ घालत होता आणि आमची मुलं जिथे ‘हॅव’ हवा तिथे ‘इज’ घालतात. त्याच्याकडे धरणं जास्त, आमच्याकडे असणं जास्त. फक्त ‘देअर’पाशी दोघे एकत्र अडतात. आम्ही ‘देअर इज अ वेल इन द व्हिलेज’ शिकवलं तेव्हा एका मुलाने विचारलं, ‘वहाँ कहाँ, सर?’ आम्ही म्हटलं, कुठेच नाही. तो म्हणाला, ‘तो फिर कुआँ कहाँ है?’ याचं उत्तर बी.एड.च्या कोणत्याही पुस्तकात आम्हाला मिळालेलं नाही.

बी.एड.ला आम्हाला शिकवलं की इंग्रजीच्या तासाला मातृभाषा आणू नये, रचना पुन्हा पुन्हा घोटून घ्याव्यात. घोटून घेतल्याने रचना तोंडात बसतात, हे खरं. पण मूल मनातल्या मनात दखनीतूनच येतं, आणि दार बंद केलं तर ते खिडकीतून येतं. म्हणून आम्ही फळ्यावर चारही ‘है’ मांडतो आणि चौघांतून एकेक बाण ‘हॅव’कडे नेतो. दुसरी एक युक्ती फारसीने दिली. फारसीत ‘दाश्तन’ म्हणजे बाळगणे, जवळ असणे. त्यातूनच आपला ‘दार’ आला. दुकानदार, ज़मीनदार, मालदार, इज़्ज़तदार. मराठीने हे सगळे घेतले, आणि मराठीतलं ‘धरणे’ तर या ‘दार’चं मुळातलंच नातेवाईक. आम्ही मुलांना म्हणतो, ज्याला ‘दार’ लावता येतं त्याला ‘हॅव’ लावा. दुकानदार कोण? ‘ही हॅज अ शॉप.’ मुलांना हे लगेच पटतं. ‘हॅव’ आपल्या घरात आधीपासूनच होता, फक्त शेपटीला होता. स्पॅनिशचं दुसरं ‘असणं’, म्हणजे ‘एस्तार’, तेही असंच. त्याच्या मुळाशी ‘उभं राहणे’ आहे, आणि हिंदुस्तानातल्या ‘स्तान’चं मूळही तेच.

आता ज्या मुलीसाठी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याविषयी. आठवीत होती, गणितात तेज. एका निवासी प्रशिक्षण वर्गाच्या निवडीसाठी तिला पाठवलं होतं. लेखी परीक्षेत पास झाली. तोंडी परीक्षेत इंग्रजीत विचारलं, भावंडं किती? तिने सांगितलं, ‘माय नियर टू ब्रदर्स.’ समोरचे तिघे हसले. एकाने विचारलं, ‘हाऊ नियर?’ ते पुन्हा हसले. तिची निवड झाली नाही. कशामुळे झाली नाही हे आम्हाला कळवलं गेलं नाही. पण त्यानंतर इंग्रजीच्या तासाला ती तोंड उघडेना. दरम्यान तिच्या वडिलांनी धाकट्या मुलाचं नाव इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातलं. आम्हाला भेटले तेव्हा म्हणाले, ‘सर, बच्ची का तो हो गया, बच्चे का देखते.’ त्यांच्यावर आम्ही काय रागवणार? फी भरायला ते रात्रीही रिक्षा चालवतात. आमच्या शाळेचा पट दरवर्षी का उतरतो ते अशाच घरांतून कळतं.

त्याच हिवाळ्यात खालू एका लग्नासाठी सोलापूरला आले होते. शनिवारी सकाळी आम्ही त्यांना वर्गात नेलं. त्यांनी मुलांना जहाजाच्या गोष्टी सांगितल्या, एक्केचाळीस वर्षांची सांगितली, आपल्या पान्याचीही सांगितली. मग आगीची सांगितली. इंजिनरूममध्ये प्युरिफायरजवळ तेल गळून भडका उडाला होता. पेरूवाला धावत येऊन ओरडला, ‘हॅव फायर! हॅव फायर!’ स्पॅनिशमध्ये ‘आग आहे’ असंच म्हणतात, आणि त्याने तेच इंग्रजीत ओढून आणलं होतं. चार जण फोमचे सिलिंडर घेऊन धावले आणि पाच मिनिटांत आग विझवली. खालू म्हणाले, ‘किसी ने नहीं पूछा के देअर कहाँ है.’ जहाजांसाठी २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ठराविक इंग्रजी वाक्यांचा संच मंजूर केला, तो अशाच प्रसंगांसाठी. त्यात जहाज स्वतःला ‘मी’ म्हणतं. आग लागली तर ‘आय अ‍ॅम’, इंजिनात बिघाड असेल तर ‘आय हॅव’. समुद्रावर हे दोन शब्द नीट कळणं म्हणजे जिवाची गोष्ट.

मुलं हसत होती. ती मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, ‘उस आदमी कू उर्दू आती थी क्या?’ खालूंनी सांगितलं, नाही, त्याची जबान दुसरी होती. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘फिर उसने भी गलत क्यूँ बोला?’ आम्ही ते पुस्तक तिच्या हातात दिलं. दोन आठवडे तिच्याकडे होतं. खोडलेल्या ओळी ती बोटाने मोजत असे. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या पाच वेळा तीच चूक करतो याचं तिला फार समाधान वाटलं, असं तिनेच नंतर सांगितलं. तासाला ती पुन्हा बोलायला लागली. आधी हळू, मग इतकं की बाकीच्यांना थांबवून बोलायला लागली.

पुस्तकाच्या शेवटाकडे एक पाठ आहे, तिथे पेन्सिलीने एकही खोड नाही. तो पाठ ‘हॅव टू’चा. स्पॅनिशमध्ये ‘मला काम करायचं आहे, करावंच लागेल’ यासाठी ‘तेंगो के त्राबाहार’ म्हणतात. तिथेही तोच ‘धरणे’वाला ‘तेनेर’. या एका जागी त्याची भाषा आणि इंग्रजी पावलाला पाऊल टाकून चालतात. त्यामुळे मोटरमनने ‘आय हॅव टू वर्क’, ‘आय हॅव टू सेंड मनी’, ‘आय हॅव टू गो’ अशी पानभर वाक्यं एका दमात लिहिली आहेत. उर्दूत इथेही ‘है’च, ‘मुझे जाना है’. म्हणून आमच्या मुलांना हा पाठ जड जातो. मुलगी म्हणाली, ‘सर, हॅव क्यूँ? इस में कुछ मिला तो नहीं.’ आम्ही म्हटलं, काम तर मिळालं. तिला ते पटलं नाही. आम्हालाही फारसं पटलेलं नाही.

घरी करायला पाच वाक्यं दिली होती. तिने लिहून आणलं:

आय हॅव टू गेट अप अर्ली. आय हॅव टू मेक टी. आय हॅव टू रोल बीडीज विथ माय मदर. आय हॅव टू टेक माय ब्रदर टू हिज इंग्लिश स्कूल. आय हॅव टू कम टू स्कूल आफ्टर दॅट.

पाचही बरोबर होती. आम्ही पाच वेळा बरोबरची खूण केली आणि वही तिला परत दिली.